कळंब्याच्या भिंतीबाहेरचे इंटरनेट

२०२० च्या अखेरीस कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात बाहेरून भिंतीवरून मोबाइल फेकल्याची बातमी आली, तेव्हा चर्चा झाली ती सुरक्षेची. भिंतीची उंची, जॅमर, झडत्या, कर्मचाऱ्यांची चौकशी. ही चर्चा व्हायलाच हवी होती. तुरुंगात बसून टोळ्यांची सूत्रे हलवणाऱ्यांची वकिली आम्हाला करायची नाही. परंतु ज्या कैद्यामागे टोळी नाही, पैसा नाही, भिंतीवरून फोन फेकणारा कोणी साथीदार नाही, त्याला आईशी किंवा बायकोशी दोन शब्द बोलायचे असतील तर सरळ वाट कोणती आहे, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही.

त्याच वर्षी कोरोनामुळे राज्यातील कारागृहांत प्रत्यक्ष भेटी बंद झाल्या आणि व्हिडिओ कॉलवर भेट सुरू झाली. केंद्राच्या एनआयसीने तयार केलेली 'ई-मुलाकात' ही सेवा तेव्हा सर्वांच्या तोंडी आली. कल्पना उत्तमच. चंदगड किंवा आजऱ्याहून कळंब्याला यायचे म्हणजे एसटीचे भाडे जाते आणि दिवसाचा रोजगार बुडतो. तो खर्च वाचत असेल तर त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण ही सेवा वापरायची कोणी? नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. अनुसूचित जातींचे तुरुंगातील प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा जास्त आहे, हेही हीच आकडेवारी दरवर्षी सांगते. म्हणजे या सेवेचा खरा ग्राहक आहे शेतमजुराची, हमालाची, सफाई कामगाराची घरची मंडळी.

आता त्या घराची कल्पना करा. फोन एकच, तो कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात. नोंदणीसाठी लागणारा ओटीपी त्या फोनवर येणार आणि काही मिनिटांत मरणार. ओळखपत्रावरचे नाव एका तऱ्हेने, अर्जात लिहिलेले दुसऱ्या तऱ्हेने. मग ही माउली झेरॉक्सच्या दुकानात जाते, तिथल्या पोराला पैसे देते आणि तो तिच्या वतीने 'घरबसल्या' सेवा घेतो! दलाल हटवण्यासाठी आणलेल्या यंत्राने नवा दलाल जन्माला घातला, हे आपल्या नियोजनकर्त्यांच्या ध्यानातही येत नाही, कारण त्यांच्या नोंदीत तो अर्ज 'ऑनलाइन प्राप्त' असाच दिसतो. येरवड्यात २०२३ मध्ये कैद्यांना स्मार्टकार्डावर घरी फोन करण्याची सोय सुरू झाली. आमच्या मते व्हिडिओच्या थाटापेक्षा ही साधी सोय कितीतरी शहाणपणाची, कारण समोरच्या माणसाकडे फक्त वाजणारा फोन असला की पुरे.

प्रॉडक्ट डिझाइन हा शब्द आजकाल फार ऐकू येतो. तो ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर चकचकीत पडदे आणि गोंडस चिन्हे येतात. आमच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की वस्तू करताना करणाऱ्याच्या मनात कोणता माणूस उभा होता. हा धडा शिकायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात वारणानगरला तो घडून गेला आहे.

१९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. वारणा परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभी करायची, शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी कागदपत्रे, सारे जगाचे ज्ञान गावात मिळणार, अशी घोषणा होती. पंतप्रधान कार्यालयापर्यंत त्याचे कौतुक झाले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातील मंडळी तिथे गेली आणि त्यांनी केंद्रात प्रत्यक्षात काय चालते ते पाहिले. जगाचे ज्ञान बाजूला राहिले होते. संगणकाचा वापर होत होता तो मुख्यतः एकाच कामासाठी, गाव आणि साखर कारखाना यांच्यातल्या उसाच्या हिशेबासाठी. लागणीची नोंद, तोडीचा परवाना, काट्यावर भरलेले वजन, उचललेले खत. शेतकऱ्याला तेवढेच हवे होते, आणि त्यात चूक काय? उसाचे वजन किती भरले यावर ज्याच्या घरची दिवाळी ठरते, त्याला न्यूयॉर्कचा बाजारभाव कशाला?

एवढ्या कामासाठी गावोगाव संगणक, वीज, बॅटरी, दुरुस्ती आणि केंद्रचालक पोसायचा खर्च होत होता. तेव्हा या संशोधकांनी २००६ च्या सुमारास सात गावांत संगणक काढून साधे मोबाइल ठेवले. ठरावीक नमुन्यात एसएमएस पाठवायचा, कारखान्यातल्या एका संगणकाला जोडलेला फोन त्याचे उत्तर परत धाडणार. तीच माहिती, थोड्या खर्चात, आणि केंद्राचे दार बंद असले तरी मिळणारी. 'वारणा अनवायर्ड' असे त्या प्रयोगाचे नाव. नवनिर्मिती म्हणतात ती ही. त्यात नवे यंत्र एकही नव्हते. शेतकऱ्याला काय हवे हे दिल्लीत बसून ठरवण्याऐवजी शेतकऱ्याला पाहून ठरवले, एवढेच नवे होते.

तरीही वारण्याच्या गोष्टीतला एक कोपरा अंधारात राहतो. कारखान्याचा सभासद व्हायला शेत लागते, त्यात ऊस लागतो. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, जो दुसऱ्याचा ऊस तोडतो, त्याचा हिशेब सांगणारा एसएमएस कोणी तयार केला नाही. ऊसतोड कामगाराची उचल किती, फिटली किती, बाकी किती, हे आजही मुकादमाच्या वहीत असते. तंत्रज्ञान तेच, फोनही तोच. पण मनात उभा केलेला माणूस सभासद शेतकरी होता.

सार्वजनिक असणे आणि सर्वांना मिळणे यांत केवढे अंतर असते, ते या वृत्तपत्राच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव संमत झाला, महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले. पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले. इंटरनेटच्या दारात जात विचारत नाहीत, हे खरे. पण भाषा विचारतात, फोन कोणाच्या नावावर आहे ते विचारतात, बोटाचा ठसा विचारतात, आणि या प्रश्नांची उत्तरे नसलेली माणसे कोणत्या वस्त्यांत राहतात ते सर्वांना ठाऊक आहे.

भाषेचे उदाहरण तर पैशात मोजता येते. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. तोच निरोप मराठीत लिहिला की मर्यादा ७० वर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी यांचीही त्यात वेगवेगळी मोजणी होते. म्हणजे एकाच निरोपाला मराठी माणसाला दोन-तीन संदेशांचे पैसे. कोणी मुद्दाम मराठीचा द्वेष केला असे नाही. रचना करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोमन लिपी होती, आपण नव्हतो. लसीकरणाच्या वेळीही हेच झाले. २०२१ मध्ये कोविन इंग्रजीत सुरू झाले, सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीबद्दल केंद्राला खडे प्रश्न विचारले आणि त्या जूनमध्ये ते मराठीसह इतर भाषांत आले. तोपर्यंत इंग्रजी वाचणाऱ्यांनी खेड्यापाड्यांतल्या केंद्रांवरील जागा पटकावल्या होत्या.

रेशनच्या यंत्राबद्दल थोडक्यात सांगतो. ज्याची बोटे वीट, सिमेंट आणि कोयत्याने झिजली त्याचाच ठसा उमटत नाही, हा केवढा क्रूर विनोद आहे! ओळख पटली नाही म्हणून कोणाचा लाभ नाकारू नये, असे २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले. यंत्राला पर्याय हवा, हे न्यायालयाला सांगावे लागले. करणाऱ्यांना ते आधी सुचले नाही.

आमच्या दृष्टीने सर्वांत नाजूक जागा आहे ती शिष्यवृत्तीची. महाडीबीटी पोर्टल आले २०१७ मध्ये. पहिल्याच वर्षी ते असे अडखळले की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. पुढे ते सुधारले, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी समाजकल्याणच्या आणि महाविद्यालयाच्या खिडकीवर जे अपमान सोसावे लागत ते कमी झाले, हेही खरे, आणि म्हणून 'ऑनलाइन नको' असे आम्ही म्हणणार नाही. पण खिडकीवरचा कारकून अर्ज परत करताना निदान कारण तरी तोंडाने सांगत असे. पडद्यावर 'अर्ज परत पाठविला' एवढे दिसते. दाखल्यातील कोणता शब्द चुकला, बँक खाते आधारशी जोडले नाही की जोडलेले खाते दुसरेच निघाले, हे कळेपर्यंत मुदत संपते. मुदत संपली म्हणजे मुलाचे वर्ष जाते, मुलीच्या बाबतीत बहुधा शिक्षणच जाते.

यावर उपाय महागडा नाही. अर्ज परत पाठवताना नेमके कारण साध्या मराठीत लिहावे आणि ते फोन करूनही सांगावे. चूक दुरुस्त करण्याची मुदत, कारण कळवल्याच्या दिवसापासून मोजावी. प्रत्येक महाविद्यालयात कागदावर अर्ज घेण्याची एक खिडकी वर्षभर उघडी ठेवावी. आणि अशी कोणतीही सेवा राज्यभर सुरू करण्यापूर्वी ती एका वसतिगृहातील पन्नास मुलांना वापरायला देऊन मागे उभे राहून पाहावे, मध्ये न बोलता. कारागृहाच्या बाबतीतही तेच. कळंब्याच्या फाटकाबाहेर भेटीसाठी आलेल्या बायकांना ई-मुलाकातीचा अर्ज भरून देणारा एक माणूस आणि एक टेबल ठेवले, तर त्यांच्या पुढच्या खेपेचे एसटीचे भाडे वाचेल.