नकाशा भिंतीवर, ग्रंथ रद्दीत

१/ जुन्या इंग्रजी ग्रंथांतील नकाशे व चित्रे कापून, चौकटीत बसवून विकली जातात. सुट्या पानांना अखंड ग्रंथापेक्षा अधिक पैसे मिळतात, हे त्यामागचे गणित. माझ्या मते ही इतिहासाची हानी आहे.

२/ जॉन स्पीडचा ब्रिटनचा नकाशासंग्रह १६११-१२ सालचा. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. तिच्या नकाशाच्या पाठीवरच तिचे वर्णन छापलेले असे. चौकटीत ते भिंतीकडे तोंड करून राहते.

३/ आता नाशिक. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिकचा. वर्ष १८८३, संपादक जेम्स कॅम्पबेल. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ साली. म्हणजे त्याची सीमारेषा तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. सुट्या नकाशात मात्र ती अनादी वाटते.

४/ त्याच खंडात पांडवलेण्यांचे विवेचन पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे आहे. साहेबाच्या ग्रंथातील ही भारतीय विद्वत्ता चौकटीत कोण बसवणार?

५/ कुणी म्हणेल, कसर लागलेल्या ग्रंथातून निदान नकाशा तरी वाचला. आधीच सुटलेले पान जपावेच. शिवण शाबूत असलेल्या ग्रंथाला मात्र कात्री लावू नये.

६/ सुटा नकाशा घेतलात, तर ग्रंथ, खंड व वर्ष विचारून मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहा. घरी जुना ग्रंथ असेल, तर रद्दीत घालण्यापूर्वी ग्रंथालयात विचारा. नाशकात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे.