रुमालांच्या गाठी सोडा!

जुलै 2024 मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून आलेली वाघनखे मांडली गेली आणि ती पाहायला माणसे लोटली. शेतकरी आले, शाळांची पोरे रांगा करून आली, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया आल्या. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती तीन वर्षांच्या बोलीवर दिली आहेत. ती महाराजांचीच का, हे त्या संग्रहालयालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. तरी लोक आले. काचेआडच्या त्या पोलादापुढे क्षणभर उभे राहण्यासाठी त्यांनी दिवसाची मजुरी बुडवली. या लोकांना आमचा मुजरा! आमच्या विद्वज्जनांत पिढ्यान् पिढ्या मुरलेली एक समजूत त्यांनी त्या रांगेत पायदळी तुडवली. सामान्य माणसाला इतिहासाच्या अस्सल साधनांचे काय होय, त्याला पोवाडा पुरे, पुतळा पुरे, मिरवणूक पुरे, ही ती समजूत. ती खोटी आहे आणि ती खोटी असल्याचे ज्यांना ठाऊक आहे तेच ती जपत बसले आहेत.

लंडनच्या संग्रहालयाने वस्तू उसनी द्यावी म्हणून महाराष्ट्राचे मंत्री समुद्र ओलांडून गेले. मग आम्ही विचारतो, पुण्यामुंबईच्या, नागपूर-धुळ्याच्या संशोधन संस्थांच्या कपाटांतून एखादी सनद, एखादी तलवार, एखादा ताम्रपट ज्या तालुक्यातून आला त्याच तालुक्यात महिनाभर नेऊन मांडावा यासाठी कुणी कधी हातपाय हलवले आहेत? दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी जन्मभर खपून साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे केले. तो संग्रह 1939 मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. वाघनखांच्या रांगेत उभ्या असलेल्या किती सातारकरांना हे कुणी सांगितले होते? सांगायचे काम ज्यांचे, ते गप्प आहेत. या गप्प बसण्याविरुद्ध आज आमचे भांडण आहे.

हे भांडण संस्थांच्या जन्मदात्यांशी नाही, त्यांच्यापुढे आमचे मस्तक लवते. 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, जनार्दन बाळाजी मोडक आणि काशीनाथ नारायण साने यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ काढला तो जुन्या बखरी आणि काव्ये लोकांच्या हाती छापून देण्यासाठी. वासुदेवशास्त्री खरे मिरजेत शाळामास्तरकी करीत पटवर्धनांचे दप्तर चाळत बसले आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापू लागले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे पायांत वहाणा, पाठीवर पडशी अशा थाटात गावोगाव हिंडले. कुणाच्या माळ्यावर चढले, कुणाच्या ओसरीवर दिवसचे दिवस तिष्ठत बसले, कुठे दारातून परत फिरवले गेले. जे कागद त्यांच्या हाती वेळेत पडले नाहीत ते रद्दीत गेले, वाण्याच्या पुड्यांत गेले. 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि पुढे असे बावीस खंड झाले. 1910 मध्ये सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासह राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. तिथल्या पाक्षिक सभांत नवा कागद वाचला जाई आणि तो मराठीत छापून मराठी वाचकापुढे जाई. या माणसांपाशी पैसा नव्हता, छायाचित्रणाची यंत्रे नव्हती, सरकार तर परके होते. तरी कागद सापडला की वाचायचा आणि वाचला की छापायचा, हा त्यांचा बाणा होता. कागदाचा मालक वाचक आहे आणि आपण त्याचे हमाल आहोत, असे ते वागले.

आणि त्यांचा सर्वांत मोठा संताप कशावर होता? पुण्याच्या पेशवे दप्तरावर इंग्रज सरकारने घातलेल्या कुलपावर! मराठ्यांचे दप्तर मराठ्यांच्याच अभ्यासकांना पाहू दिले जात नव्हते. ती दारे किलकिली झाली तेव्हा गोविंद सखाराम सरदेसाईंनी 1930 नंतरच्या चारपाच वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून काढले. कुलूप निघाल्यावर एक म्हातारा माणूस काय करू शकतो, याचा तो दाखला. तसलेच कुलूप आज आमचेच लोक आमच्याच लोकांना लावून बसले आहेत.

जिल्ह्याच्या गावातला एखादा मास्तर आपल्या गावच्या पाटीलकीचा कागद पाहायला शहरातल्या एखाद्या संस्थेच्या दारात उभा राहतो तेव्हा काय घडते ते ऐका. शिफारसपत्र आणा. सभासद आहात का? किल्ली ज्यांच्याकडे, ते आज आले नाहीत. सूची अजून व्हायची आहे. झाली असेल तर ती हस्तलिखित वहीत आहे आणि ती वही बाहेर देत नाहीत. फोटो काढता येणार नाही. वेळ अकरा ते पाच, रविवारी बंद, म्हणजे जो पोटासाठी नोकरी करतो त्याने यायचेच नाही. तो मास्तर दोन खेपा घालतो, तिसऱ्यांदा येत नाही. गावी परतून तो पोरांना काय सांगणार? कुठल्याशा पुस्तकातली ऐकीव कथाच सांगणार. आणि मग हीच विद्वान मंडळी व्यासपीठावरून रडतात की, लोकांत इतिहासाची खरी जाण उरली नाही! ती जाण तुमच्याच उंबऱ्यावरून परत गेली आहे.

जुने कागद बांधून ठेवलेल्या या रुमालांत आहे तरी काय? राजेरजवाड्यांच्या लढाया आणि तहनामे आहेतच; पण त्याहून अधिक आहे ते या देशीच्या साध्या माणसाचे जिणे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की महजर होई. गाव जमे, साक्षी होत, निवाडा लिहिला जाई आणि खाली ज्याची त्याची निशाणी पडे. ज्याला लिहिता येत नव्हते त्या कुणब्याने तिथे नांगर काढला आहे. बलुतेदाराने आपल्या धंद्याचे हत्यार काढले आहे. बाईने बांगडी काढली आहे. तीनतीनशे वर्षांपूर्वी या माणसांनी भर सभेत आपला हक्क सांगितला आणि कागदावर आपली खूण सोडली. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज ऊसतोडीला जातात, रिक्षा चालवतात, कंपनीत पाळी करतात, तहसीलदार होतात, डॉक्टर होतात. आपल्या पूर्वजाचा नांगर कागदावर उमटलेला आहे हे त्यांच्यापैकी किती जणांना माहीत आहे? याच दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे हिशेब आहेत, दुष्काळात माफ केलेल्या साऱ्याच्या नोंदी आहेत, वेठीचे हुकूम आहेत, महारवतनाचे वाद आहेत, विधवांच्या तक्रारी आहेत. ज्यांना शतकानुशतके शाळेच्या ओट्यावर बसू दिले नाही त्यांच्याविषयीचा लेखी पुरावा ज्या कपाटात आहे, त्या कपाटापाशीही आज त्यांना बसू देत नाहीत. याला आम्ही सौम्य नाव देणार नाही. हा अन्याय आहे, आणि विद्येच्या नावाने चालतो म्हणून तो अधिक घोर आहे.

त्यात हे कागद ज्या लिपीत आहेत त्या मोडीची कथा. गेल्या शतकाच्या मध्याला शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत सबंध महाराष्ट्र आपल्याच आज्यापणज्याच्या अक्षराला परका झाला. घरात जमिनीचा जुना कागद असतो, पण तो वाचून घ्यायला माणूस मिळत नाही. मिळालाच तर सांगेल तो भाव आणि वाचेल तो अर्थ. ज्या समाजाला स्वतःचे दस्त वाचता येत नाहीत त्याला कुणीही काहीही सांगावे आणि त्याने ऐकून घ्यावे, अशी ही दशा आहे.

आता 5 जानेवारी 2004 चा दिवस आठवा. त्या दिवशी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात झुंड घुसली. कपाटे फोडली, ग्रंथ भिरकावले, शतकांची पोथ्यापत्रे पायांखाली आली. ती शुद्ध गुंडगिरी होती. तिला तेव्हा क्षमा नव्हती, आज नाही आणि कधीच असणार नाही. पण त्या दिवसाचे एक दुःख त्या मोडतोडीहून खोल आहे. संस्थेला वाचवायला शेजारच्या वस्तीतून लोक धावून आले नाहीत. का यावेत? आत काय आहे हे त्यांना कुणी दाखवलेच नव्हते. जिथे महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांचा पाठ पदर न् पदर ताडून पाहिला गेला, जिथल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची पुढे 2007 मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिसंचितात नोंद केली, ती जागा पुण्याच्या सामान्य माणसाच्या लेखी एक बंद फाटक होती. ज्या घराशी आपले नाते जडलेले नाही त्या घराला आग लागली तर माणूस हळहळतो, बादली घेऊन धावत नाही.

संस्थांचे उत्तर आम्हांला पाठ आहे. कागद जीर्ण आहेत, हाताळले तर फाटतील. मान्य! मग ते न हाताळता पाहता यावेत म्हणून त्यांच्या प्रतिमा काढा आणि सर्वांना खुल्या करा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 2017 मध्ये ‘ग्रंथसंजीवनी’ सुरू करून हेच केले. ज्या संस्थेत 1804 च्या स्थापनेनंतर तीन दशकांहून अधिक काळ एकाही हिंदी माणसाला सभासद होता आले नाही, जिथे 1840 मध्ये माणेकजी करसेटजींना कसाबसा प्रवेश मिळाला, तिथले दुर्मीळ ग्रंथ आज गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याला घरबसल्या उघडता येतात. याला दार उघडणे म्हणतात. पणजीत पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या अमदानीत राहून गोव्याच्या दप्तरखान्याची मार्गदर्शक सूची 1955 मध्ये छापली. हुकूमशाहीत सूची होते आणि लोकशाहीत होत नाही, याची लाज आम्हांला वाटते. ती विश्वस्तांनाही वाटली पाहिजे.

दुसरे उत्तर कुजबुजत दिले जाते. अमुक कागदांवर अमुक विद्वानांचे काम चालू आहे. किती वर्षे? काही ठिकाणी ते विद्वान निवर्तले आणि त्यांच्या शिष्यांनी तीच राखण पुढे चालवली. सार्वजनिक देणगीतून आलेला कागद स्वतःच्या भावी ग्रंथासाठी दाबून ठेवणे ही चोरी आहे. कपाट संस्थेचे आहे म्हणून त्या चोरीचे संशोधन होत नाही! तिसरे उत्तर भीतीचे: कागद उघडे केले तर जाती भडकतील, घराणी दुखावतील. जाती भडकतात त्या कागदावाचून भडकतात. जिथे पुरावा पाहायला मिळत नाही तिथे जो मोठ्याने ओरडतो त्याचा इतिहास चालतो, आणि हे गेली वीसपंचवीस वर्षे महाराष्ट्र रोज भोगतो आहे.

सरकारही या पापातून सुटत नाही. 2024 मध्ये मराठी अभिजात ठरली, 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याच वर्षी नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्याने लंडनच्या लिलावातून सोडवून आणली. तिन्ही गोष्टींचा आम्हांला अभिमान आहे. पण ज्या भाषेला अभिजात म्हटले तिचे लाखो कागद कसर खात आहे. ज्या किल्ल्यांचे सोहळे झाले त्यांच्या शिबंदीचे, दारूगोळ्याचे, डागडुजीचे हिशेब मोडीत पडून आहेत आणि मोडी वाचणाऱ्या तरुणाला महिन्याचे घरभाडे निघेल एवढाही मेहनताना मिळत नाही. सोहळ्याच्या मांडवावर होणाऱ्या खर्चाचा एक हिस्सा वेगळा काढा, प्रत्येक जिल्ह्यात चार मोडीवाचक पगारी नेमा, संस्थांना अनुदान द्या; पण ते सूची छापण्याच्या आणि प्रतिमा खुल्या करण्याच्या अटीवर द्या. अटीवाचून दिलेला पैसा इमारतीच्या रंगरंगोटीत जातो.

वस्तूंनाही पाय फुटले पाहिजेत. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला. दगडी पेटीत करंडकात करंडक निघाले, भोवती बुद्धमूर्ती निघाल्या. हा ठेवा एशियाटिकने जिवापाड जपला, हे तिचे ऋण. आज नालासोपाऱ्यात लाखो माणसे राहतात, पहाटे लोकलच्या दांडीला लोंबकळून कामाला जातात. आपण ज्या मातीवर झोपतो तिच्यात सम्राट अशोकाचा लेख आणि बुद्धाचे धातुकरंडक सापडले, हे त्यांच्या मुलांना त्यांच्याच गावात, चोख बंदोबस्तात, वर्षातून काही दिवस पाहता आले तर त्या गावाची मान किती उंच होईल! असा उजेड पडतो हे तेरने दाखवले आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या त्या खेड्यात रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीतून निघणारी खापरे, मणी, मूर्ती वेचून जपल्या. त्या संग्रहाचे सरकारी संग्रहालय तिथेच, त्या गावातच उभे राहिले. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दारांच्या चौकटी गोळा करण्यात आयुष्य घातले आणि सगळे सरकारच्या, म्हणजे लोकांच्या पदरात टाकले. हे दोघे कुठल्या विद्वत्सभेचे अध्यक्ष नव्हते.

आणि जुन्या घराण्यांनो, तुमच्या माळ्यांवर जी दप्तरे वाळवीच्या तोंडी आहेत ती खाली उतरवा. कागद तुमच्याकडेच ठेवा, प्रत लोकांना द्या.

आमची हाक संस्थांच्या सामान्य सभासदांना आहे. या संस्था 1950 च्या कायद्याखाली नोंदलेले सार्वजनिक विश्वस्त निधी आहेत. विश्वस्त त्यांचे राखणदार आहेत, धनी नाहीत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मांडा. संग्रहाची संपूर्ण सूची वर्षभरात छापावी. रविवारी वाचनालय उघडे ठेवावे. कोणत्याही नागरिकाला शिफारशीवाचून कागद पाहू द्यावा आणि त्याचा फोटो काढू द्यावा. कुठल्याही कागदावर एका अभ्यासकाचा राखीव हक्क दोन वर्षांपलीकडे चालू नये. मोडीचा वर्ग दरवर्षी भरावा आणि तो शहराबाहेरही भरावा. ठराव फेटाळला गेला तर कोणी फेटाळला त्यांची नावे इतिवृत्तात नोंदवून घ्या, फेटाळण्याचे कारण लेखी मागा आणि ते पत्र आमच्याकडे पाठवा. आम्ही ते पहिल्या पानावर छापू.