पदविकेची शिडी आणि राज्याची वेस

वाराणसीच्या पंचगंगा घाटावरील मंगला गौरीच्या परिसरात, लगतच्या दुर्गाघाट व ब्रह्माघाटावर मराठी कुटुंबे पेशवाईपासून राहत आली आहेत. पौरोहित्य व अध्यापन हा त्यांचा पूर्वापार व्यवसाय. पुढच्या पिढ्या नोकरी-धंद्यात उतरल्या. या वस्तीतील मुलाने दहावीनंतर पॉलिटेक्निकची वाट धरली, तर अभियांत्रिकीच्या पदवीपर्यंत तो कसा पोहोचणार, हा प्रश्न वरकरणी शैक्षणिक वाटतो. प्रत्यक्षात तो राज्यांच्या अधिकाराचा, म्हणजेच राजकारणाचा आहे.

कागदोपत्री शिडी अखंड आहे. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात आणि तीन वर्षांच्या पदविकाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्यासाठी अधिसंख्य व रिक्त जागांची सोय केली आहे. पदविकेची तीन व पदवीची तीन अशी सहा वर्षे होतात. बारावी करून पदवी घेणाऱ्यालाही तितकीच लागतात.

मात्र या जागा वाटतात ती राज्ये. उत्तर प्रदेशात लखनौचे अब्दुल कलाम तंत्रविद्यापीठ व त्याची संलग्न महाविद्यालये ही मुख्य वाट आहे. काशीचा मराठी विद्यार्थी पुण्याकडे पाहू लागला, की राज्याच्या वाट्यातील जागांसाठी अधिवास किंवा पालकांची महाराष्ट्रातील शासकीय नियुक्ती असे निकष आडवे येतात. कर्नाटकच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषकांसाठी महाराष्ट्राने प्रवेशनियमांत वेगळा प्रवर्ग ठेवला आहे आणि तो न्याय्यच आहे. पण त्याचा आधार ८६५ गावांवरील प्रादेशिक दावा आहे. ज्या मराठी माणसाच्या गावावर कोणाचा दावा नाही, त्याची भाषा तेथे मोजली जात नाही.

उरते ती केंद्राची संस्था. गंगेच्या याच काठी, शहराच्या दक्षिणेस, १९१९ मध्ये बनारस अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. तांत्रिक ज्ञानाला प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जोड देऊन देशी उद्योग वाढवावेत, हे हिंदू विद्यापीठाच्या उद्दिष्टांतच नमूद होते. त्या महाविद्यालयाचा वारसा सांगणारी संस्था २०१२ मध्ये आयआयटी झाली. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेसाठी पदविका बारावीसमान धरली जाते, परंतु प्रवेश पहिल्याच वर्षात मिळतो. कार्यशाळेत घालविलेली तीन वर्षे शाळेच्या दोन वर्षांइतकीच ठरतात आणि सहाची सात होतात.

नोकरदार पदविकाधारकांची कोंडी याहून जुनी आहे. केंद्राच्या खात्यांतील कित्येक कनिष्ठ अभियंत्यांनी एएमआयई परीक्षा देऊन पदवीसमान पात्रता मिळविली. ३१ मे २०१३ नंतर नोंदणी करणाऱ्यांसाठी ती समकक्षता उरली नाही. परिषदेच्या मान्यतेविना अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये चाप लावला. दोन्ही निर्णयांमागे दर्जाची चिंता होती. तथापि बंद झालेल्या वाटांना पर्याय म्हणून नोकरी सांभाळून पदवी घेण्याची नवी योजना परिषदेने आणली ती २०२३ मध्ये. ती नजीकच्या महाविद्यालयाशी बांधलेली असल्याने बदलीच्या नोकरीतील माणसाला तिचा भरवसा धरता येत नाही.

२०२० चे शैक्षणिक धोरण, श्रेयांक बँक आणि २०२३ चा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा यांनी एका संस्थेतील अभ्यास दुसरीकडे मोजला जाण्याची भाषा रूढ केली. पण श्रेयांक जमा होणे वेगळे आणि जागा मिळणे वेगळे. पहिली गोष्ट दिल्ली करू शकते, दुसरी राज्यांच्या हाती आहे. थेट दुसऱ्या वर्षातील काही जागा परप्रांतीय पदविकाधारकांसाठी परस्परसंमतीने खुल्या करण्याचा प्रस्ताव महाराष्ट्राने मांडण्यास हरकत नसावी. बृहन्महाराष्ट्राचा गौरव संमेलनांच्या व्यासपीठावरून नेहमी होतो. प्रवेशाच्या नियमपुस्तिकेत मात्र त्याला अद्याप स्थान नाही.