चिठ्ठी जपून ठेवा

"औषध संपलंय, बाहेरून आणा," असं सरकारी दवाखान्यात ऐकलं की आपण मुकाट्याने पर्स उघडतो. बाळंतिणीला तर असं सांगताच येत नाही! २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरी सोडणारी गाडीही. हे उपकार नव्हेत. साबणाच्या वडीवरही आपण कर भरतोच की!

बचत गटात मी मैत्रिणींना सांगते, बाहेरच्या औषधाची चिठ्ठी नि बिल तारखेसकट जपा. २००७ मध्ये राज्यात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा जनसुनवाईत अशा चिठ्ठ्यांचा जाब अधिकाऱ्यांना सर्वांसमोर द्यावा लागला. तोंडी तक्रारीला नुसतं "बघू" मिळतं. नर्सबाईंवर मात्र ओरडू नका, औषधखरेदी त्यांच्या हातात नसते. लेखी अर्ज वैद्यकीय अधीक्षकांना द्या, पोच घ्या, प्रत रुग्ण कल्याण समितीला द्या.