‘सर, फोटोत आमचा मुलगा दिसत नाही’

शैक्षणिक सहलीत वाराणसीला आम्ही मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. एका बाजूला अहिल्याबाई घाट, त्यापलीकडे दशाश्वमेध. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी हा घाट बांधला. पुढे त्याचा काही भाग दरभंग्याच्या राजांकडे गेला, म्हणून लागूनच दरभंगा घाट, एवढे मी छात्रांना सांगितले. आठवीतल्या एकाने लगेच विचारले, ‘‘सर, मग भोसले घाट म्हणतात तो हाच का?’’

मी प्रश्न इतिहास शिक्षकांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. एका शिक्षकाने ठामपणे लिहिले, घाट एकच, नावे दोन. दुसऱ्याने विचारले, ‘‘हे कुठे वाचलंत?’’ तिसरीने घाटांचा नकाशा पाठवला: भोसले घाट वेगळा, मणिकर्णिका आणि शिंदे घाटाच्याही पुढे. पहिल्याने ‘‘माझी दुरुस्ती झाली, आभार’’ लिहून विषय संपवला. दुसऱ्या दिवशी नावेतून जाताना छात्रांनी घाट स्वतः मोजत खात्री केली.

त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर काय चालले होते तेही सांगतो. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सोबतच्या सहकाऱ्यांनी घाटावरचा एक फोटो टाकला होता. ‘‘सर, फोटोत आमचा मुलगा दिसत नाही.’’ ‘‘टोपी का नाही घातली?’’ ‘‘जेवला का?’’ ‘‘उद्या किती वाजता, कुठे?’’ उद्याचे वेळापत्रकही मग तिथेच आले. रात्री कोणीतरी तो फोटो आणि वेळापत्रक, शाळेच्या नावासह, फेसबुकवर चढवले. हेतू कौतुकाचाच होता.

फोन तोच, ॲप तेच. एका ग्रुपने आम्हाला शिकवले, दुसऱ्याने तीस मुलांचा पत्ता जगाला दिला. म्हणून सोशल मीडिया चांगला की वाईट, हा शिक्षकांच्या सभांमधला आवडता वाद मला निरर्थक वाटतो. शिक्षकाने स्वतः शिकण्यासाठी तो भरपूर वापरावा आणि वर्गाच्या कामासाठी अगदी मोजका, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान शाळेत एका विषयाला एकच शिक्षक असतो. त्याची चूक दाखवणारा शेजारी नसतो, ती चूक वर्षानुवर्षे वर्गात सांगितली जाते. परितेवाडीसारख्या सोलापूर जिल्ह्यातल्या छोट्या गावात रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला, आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. कोडचे कौतुक सगळ्यांनी केले. मला त्या वाटपाचे जास्त वाटते, कारण आपले काम दुसऱ्या शिक्षकाच्या उपयोगी पडावे ही वृत्ती त्यात दिसते. आपल्या शाळेत प्रशिक्षणाचे तास मोजतात. अशा ग्रुपवर पाठाची टाचणे देणाऱ्या-घेणाऱ्या शिक्षकाचे तासही मोजायला हवेत.

पालकांचे ग्रुप वाढले त्याला कारण आहे. २०२० मध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजचा अभ्यास पाठवायला सुरुवात केली, तो पोचला व्हॉट्सॲपवरूनच. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. शाळा उघडल्या, ग्रुप मात्र तसेच राहिले. चाचणीच्या गुणांची यादी तिथे येते आणि मुलाला स्वतःचे गुण कळण्याआधी शेजारच्या मुलाच्या वडिलांना ते कळलेले असतात. नापास झालेल्या छात्राला हाऊसमध्ये तोंड दाखवायचे असते, याचा विचार यादी टाकणारा करत नाही.

पालकांना मी दोष देत नाही. दहा-अकरा वर्षांचे पोर वसतिगृहात सोडून रिकाम्या हाताने एसटीत बसणे सोपे नसते. पण ज्यांची मुले उद्या गणवेशात जायची आहेत, त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावण्याच्या ॲपच्या नकाशावर परदेशांतले लष्करी तळ उमटलेले दिसले; ते ओळखणारा वीस वर्षांचा एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी होता. सैनिक फक्त व्यायामाची नोंद ठेवत होते. आणि जुलै २०२० मध्ये आपल्या लष्कराने अधिकारी-जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली, त्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होती. छात्र काही सैनिक नाहीत, हे खरे. पण अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही म्हणतो, आणि एका पालकाची संमती म्हणजे फोटोतल्या उरलेल्या एकोणतीस जणांची नव्हे.

मग करायचे काय? व्हॉट्सॲपवर फक्त ॲडमिनने लिहायची सोय २०१८ पासून आहे. हाऊसचा ग्रुप तसा करावा: सुट्टीची तारीख, फीची मुदत, ‘सगळे सुखरूप पोचले’, बस्स. गुण ज्याचे त्याला, बंद पाकिटात. सहलीचे फोटो परत आल्यावर.

‘‘पालकांचे तोंड बंद करता का?’’ असे एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले. उलट, हाऊसमास्तरांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर फोनवर मोकळे असावे, म्हणजे आईला ‘जेवतो का नीट’ हे एकशेवीस जणांसमोर विचारावे लागणार नाही. रात्री दिवे गेल्यावर आलेल्या संदेशाला उत्तर सकाळीच मिळेल, हेही आधी सांगून टाकावे. आजारपणासाठी शाळेचा फोन चोवीस तास असतोच.

राहिला प्रश्न खुशालीचा. ती कळवायचे काम माझ्या मते शिक्षकाचे नाहीच, छात्राचे आहे. रविवारचे पत्र आपल्याकडे अजून लिहून घेतात, पण ‘मी मजेत आहे’ या चार ओळींवर ते संपते, कारण उरलेले सगळे घरी फोटोतून आधीच पोचलेले असते. या सत्रात फोटो थांबवून बघू. ज्याने नावेतून घाट मोजले, त्याला आईला लिहिण्यासारखे बरेच आहे.