अर्ध्या लेन्सची बदनामी थांबवा

कन्व्हर्टिबल लेन्सचा पुढचा भाग काढला आणि नुसत्या मागच्या भागावर फोटो घेतला की तो मऊ येतो, हे मी गेली वीस वर्षं ऐकतो आहे. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो: फोकस कुठल्या अ‍ॅपर्चरला केला होता? उत्तर ठरलेलं असतं. फोकस पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला आणि फोटो एफ/३२ ला. मग खापर लेन्सच्या माथी का फोडता?

एका कार्यशाळेत एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी वीसेक मुलांसमोर श्नायडरची जुनी सिमार हातात घेतली आणि ‘यातलं कन्व्हर्टिबल वगैरे विसरा, ते निरुपयोगी आहे’ असा निकाल देऊन टाकला. ती कॅमेऱ्याला लावून दाखवायची तसदीही घेतली नाही. लार्ज फॉरमॅटकडे वळणाऱ्या आपल्याकडच्या मुलांची पहिली लेन्स बहुधा अशीच जुनी, हातोहात फिरलेली असते. नवी परवडत नाही. शीट फिल्मचा एकेक तुकडा जपून वापरावा लागतो. अशा मुलाच्या हातात असलेली दुसरी फोकल लेंग्थ त्या गृहस्थांनी एका वाक्यात हिरावून घेतली. हा अडाणीपणा आहे आणि तो शिकवण्याच्या नावाखाली चालतो, म्हणून जास्त घातक आहे.

त्या लेन्सवर काय लिहिलंय ते आधी वाचा. १५० मिलिमीटरच्या सिमारवर दोन आकडे कोरलेले असतात: १५० ला एफ/५.६ आणि २६५ ला एफ/१२. अ‍ॅपर्चरच्या पट्ट्याही दोन असतात, त्यातली हिरवी अर्ध्या लेन्ससाठी. एफ/५.६ आणि एफ/१२ यांत दोन स्टॉपहून जास्त अंतर आहे. हिरवी पट्टी न बघता एक्स्पोजर देणारे निगेटिव्ह पातळ आली की लेन्सला शिव्या घालतात. मी अशा निगेटिव्ह पाहिल्या आहेत आणि अशा शिव्याही ऐकल्या आहेत.

आता मऊपणाचं. अशा लेन्सचे दोन भाग डायफ्रॅमच्या दोन बाजूंना जवळजवळ आरशातल्या प्रतिबिंबासारखे बसवलेले असतात. कोमा, सरळ रेषांचं वाकणं, कडेला सुटणारे रंग हे एका भागाचे दोष दुसरा भाग खोडून काढतो. एक भाग काढला की हे खोडणं थांबतं. बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. अर्ध्या लेन्सवर अ‍ॅपर्चर एफ/२२, एफ/३२ पर्यंत बारीक करायचं, हा तिच्या वापराचा पहिला नियम आहे. पण बारीक करताना तीक्ष्ण प्रतिमेची जागा सरकते. म्हणून ज्या अ‍ॅपर्चरला फोटो घ्यायचा, त्यालाच किंवा त्याच्या अगदी जवळ फोकस करायचा. एफ/२२ ला ग्राउंड ग्लास काळाठिक्कर दिसतो, मान्य. काळं कापड नीट गुंडाळा, डोळा सरावेपर्यंत थांबा, लूप लावा. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर गडद पिवळा फिल्टर लावा, म्हणजे रंगदोषाचा बराचसा भाग कापला जातो. एवढं करायचा कंटाळा असेल तर तसं सांगा, लेन्सला नावं ठेवू नका.

यातलं काही मी शोधलेलं नाही. गोएर्झचा डागोर १८९२ चा. झाइसमध्ये पॉल रुडॉल्फनी त्याच दशकात अशा प्रोटार लेन्स घडवल्या, ज्यांचा एकेक भाग स्वतंत्रपणे वापरता येई. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ चंद्र वर आला होता आणि कबरींवरच्या क्रुसांवरचा उजेड सरत होता. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सनी घाईघाईनं आपल्या कुक ट्रिपल कन्व्हर्टिबलचे भाग बदलले, गडद पिवळा फिल्टर लावला आणि एफ/३२ ला एक सेकंद एक्स्पोजर दिलं. तो फोटो जगानं पाहिला आहे. तो मऊ आहे, असं कुणी माझ्यासमोर येऊन म्हणावं.

मर्यादा मी लपवत नाही. सरळ रेषांच्या इमारती अर्ध्या लेन्सवर घेऊ नका, कडेला त्या वाकतील. मागचा भाग एकटा लावला की भाता फोकल लेंग्थपेक्षाही जास्त ओढावा लागतो, त्यामुळे आखूड भात्याच्या कॅमेऱ्यावर ती चालणार नाही. ओढलेला भाता वाऱ्यात थरथरतो, तेव्हा आडोसा शोधा. शंभर वर्षांच्या लेन्समध्ये काचा जोडणारा बाल्सम सुटलेला असू शकतो, विकत घेण्याआधी उजेडात धरून बघा. तसला खराब नग पाहून अख्ख्या जातीला बाद करणं हा अन्याय आहे. आणि सुटे भाग वेगवेगळे विकून जुने जोड फोडणारे दुकानदार तर या कलेचे वैरी आहेत.

‘श्नायडरनंच पुढे सिमार-एस काढताना ही सोय बंद केली ना?’ हा शेवटचा हुकमी एक्का माझ्यासमोर टाकला जातो. बंद केली, कारण पूर्ण लेन्स आणखी सुधारायची तर दोन्ही भाग एकेकटे चालण्याची अट सोडावी लागते. त्यावरून आधीची अर्धी लेन्स नालायक ठरत नाही.

हरिश्चंद्रगडावर मी एकच लेन्सबोर्ड नेतो. कोकणकड्याची समोरची भिंत २६५ वर, एफ/३२ ला घेतलेली माझ्या खोलीत १६ बाय २० इंचांच्या प्रिंटमध्ये आहे. कपारीतली गवताची पाती मोजता येतात. ज्यांना शंका आहे त्यांनी येऊन मोजावीत.

आणि शिकवणाऱ्यांनो, पुढच्या वेळी सिमार हातात घ्याल तेव्हा निकाल देऊ नका. पुढचा भाग काढा, हिरव्या पट्टीवर २२ लावा आणि मुलांना एकेक करून कापडाखाली घाला. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी फोकस शोधू द्या.