किडनी द्यायची, पण कुणी?

गेल्या उन्हाळ्यात एक बाई दवाखान्यात आल्या. नवऱ्याचे डायलिसिस नागपूरला चालू होते. किडनी बाईंनी द्यायची, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. त्यांनी मला एवढेच विचारले, "डॉक्टरसाहेब, एक किडनी काढल्यावर मला रोवणी जमेल का?"

प्रश्न रास्त आहे. निरोगी माणूस एका किडनीवर नीट जगू शकतो; उरलेली किडनी काम वाढवून घेते. शस्त्रक्रियेनंतर हलके काम महिना-दीड महिन्यात सुरू करता येते. जड ओझे उचलणे व चिखलात वाकून राबणे मात्र दोन-तीन महिने टाळावे. धोका अगदीच नाही असे नाही. दहा हजार दात्यांत साधारण तिघे शस्त्रक्रियेने दगावतात. पुढे रक्तदाब वाढण्याची शक्यताही थोडी अधिक असते. म्हणून दात्याने वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी व क्रिएटिनिन तपासलेच पाहिजे. पुढे मूल हवे असेल तर ते आधीच सांगावे, कारण गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास वाढू शकतो. आपल्या भागात सिकलसेल आहे; त्याचे वाहक असल्यास तेही लपवू नये.

दुसरा प्रश्न नेहमीचा : "नवी किडनी बसली की आजार संपला ना?" नाही. नवी किडनी ओटीपोटात बसवतात, जुन्या बहुधा तिथेच राहतात. शरीराने तिला परकी समजून नाकारू नये म्हणून गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. गोळ्या सोडल्या की किडनी गेली.

कोण देऊ शकतो? १९९४ च्या कायद्याने व २०११ च्या दुरुस्तीने आई-वडील, मुले, भावंडे, पती-पत्नी, आजी-आजोबा व नातवंडे हे जवळचे नातेवाईक ठरतात. पैसे घेऊन किडनी देणे-घेणे हा गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षे कैद व किमान वीस लाख रुपये दंड.

आता माझे मत. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणे झाली. त्यांत पुरुषांना २९,६९५ अवयव मिळाले, स्त्रियांना अवघे ६,९४५. देणाऱ्यांत मात्र आया, बायका व बहिणीच पुढे असतात. प्रेमाने दिले तर त्याहून मोठे दान नाही. पण "कमावत्याचे शरीर कसे कापायचे?" या हिशेबाने बाईला पुढे करणे हे दान नव्हे. धानाच्या बांधीत कमरेत वाकून राबणारी कमावती नाही काय?

कायदाही हेच जाणतो. दाता स्त्री असेल तर तिची संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असा नियम आहे. शिवाय दात्याला अखेरच्या क्षणापर्यंत नकार देता येतो. तो नकार डॉक्टरांनी घरी उघड करू नये.

म्हणून घरात बैठक घ्या. भाऊ, काका, मुलगे, सर्वांच्या तपासण्या करा. सोबत मेंदूमृत व्यक्तीच्या किडनीसाठीही रुग्णालयामार्फत नागपूरच्या विभागीय केंद्राच्या प्रतीक्षा यादीत नाव नोंदवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण येते. त्याची चौकशी करा.

त्या बाई पुढच्या खेपेस दोन्ही दिरांना घेऊन आल्या. तपासण्या आता तिघांच्याही चालू आहेत. किडनी कुणाची जुळेल ते कळेलच, पण प्रश्न आता साऱ्या घराचा झाला आहे.